तुम्ही विचारलंत म्हणून: लिंकन असताना स्टीव्हन्स कशाला?

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "लिंकन सोडून तुम्ही हे थॅडियस स्टीव्हन्सचं काय लावलंय?"

कारण साधं आहे. बेडी तोडली, आता पुढे खायचं काय, हा प्रश्न लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षाच्या, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या या खासदाराने भर संसदेत लावून धरला.

त्याला संत समजू नका. १८२१ साली चॅरिटी बटलर नावाची बाई स्वतःच्या आणि मुलांच्या सुटकेसाठी कोर्टात गेली. पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त, असा तिथला कायदा. तुटक मुक्कामांची बेरीज धरता येत नाही, हा मुद्दा मालकाच्या वकिलाने मांडला आणि केस जिंकली. तो वकील स्टीव्हन्स. पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांचे खटले लढू लागला. राज्याच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना-परिषदेचा सदस्य असूनही त्याने तिच्यावर सही केली नाही.

गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांशी यादवी युद्ध झालं, तेव्हा संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या अर्थसमितीचा अध्यक्ष तोच. सैन्याला लागणारा पैसा, कागदी नोटा, प्राप्तिकर, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. दक्षिणेच्या फौजेने १८६३ साली त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला, तो काही उगाच नव्हे! जीभही तिखट होती. विरोधकांनी त्याला सूडाने पेटलेला म्हातारा ठरवलं आणि कित्येक वर्षं इतिहासकारही तेच गिरवत राहिले.

पण हा सूडाने पेटलेला माणूस तडजोड करायचा. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती त्याला अपुरी वाटत होती, कारण काळ्यांना मताचा हक्क तीत थेट दिलेला नव्हता. मग पाठिंबा का? १८६६ च्या भाषणात त्याने सांगितलं की मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो. लिंकननंतर आलेल्या जॉन्सन अध्यक्षांना हटवायला त्याने लावून धरलेला महाभियोग मात्र १८६८ च्या मे महिन्यात सिनेटमध्ये एका मताने फसला, आणि ऑगस्टमध्ये स्टीव्हन्स गेला. फक्त गोऱ्यांना पुरणाऱ्या दफनभूमीत त्याला जायचं नव्हतं. लँकेस्टरमध्ये त्याने मुद्दाम अशी जागा निवडली जिथे ती अट नव्हती.

त्यानंतर पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत मी स्टीव्हन्सला धरतो, अगदी पुढच्या रांगेत.

आता मूळ मुद्दा, जमिनीचा. सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशेबच मांडला: ज्या बंडखोरांकडे २०० एकरांहून जास्त जमीन किंवा १० हजार डॉलरांहून जास्त मालमत्ता आहे, त्यांची जमीन जप्त करा, प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. गोऱ्या बड्या जमीनदारांची सत्ता मोडायची तर तिच्या मुळाशी हात घालावा लागेल, हे त्याला कळलं होतं. स्वपक्षीयांना मात्र खासगी मालमत्तेला हात लावायची भीती वाटली. १८६७ साली त्याने विधेयकही आणलं, ते पुढे सरकलं नाही. मग असंख्य मुक्त कुटुंबं गोऱ्या मालकांचीच शेतं बटाईने कसू लागली: बियाणं उधार, धान्य उधार, हंगामाअखेर हिशेब मालकाच्या वहीत. मताचा हक्क १८७० साली मिळाला खरा, पण ज्याच्या वहीत कर्ज, त्याच्या विरोधात मत कोण टाकणार?