कॉफीच्या जुन्या हातयंत्राचं मूळ शोधताना: माझा अनुभव

‘निर्मात्याचं नाव’ हा रकाना सक्तीचा. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि मला तर नेमकं तेच नाव हवं होतं! परदेशातल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या या चौकशी-अर्जाने माझा इतका जीव खाल्लाय की राग अजून गेलेला नाही.

यंत्र बेळगावच्या आत्याकडचं. मांडीत धरून दळायची लाकडी चौकोनी पेटी, वर लोखंडी दांडा, भुकटी पडायला खाली छोटा खण. पेटीला कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट फासलेला. वरच्या पत्र्यावर ‘डी.आर.जी.एम.’ आणि ‘मेड इन जर्मनी’ एवढंच. जुन्या बाजारात एकाने छातीठोकपणे सांगितलं, डी.आर.जी.एम. ही कंपनी, माल दीडशे वर्षांचा. दोन्ही खोटं. ती जर्मन सरकारकडची उपयुक्त रचनेची नोंदणी आहे आणि ती पद्धतच 1891 साली सुरू झाली. कुणी हे सांगून किंमत वाढवत असेल तर सरळ उठून या.

अर्जात ‘माहीत नाही’ लिहिलं. यांत्रिक उत्तर आलं: या नावाच्या निर्मात्याची आमच्याकडे नोंद नाही. पुन्हा भरला, सोबत सविस्तर वर्णन जोडलं. तेच उत्तर. फोटो एकच जोडता येतो, तोही इतका लहान की अक्षरं दिसूच नयेत. फोन केला तर म्हणाले, अर्ज भरा. ज्याला नाव ठाऊक आहे त्याने यांना विचारायचं तरी कशाला? मी माणसाशी बोलायला तडफडत होते आणि समोर माणूस येतच नव्हता. शेवटी फोटोंच्या मोठ्या प्रती काढल्या, पत्र्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला आणि तिथल्या संग्रहपालांच्या नावे साधं टपाल धाडलं. वाट पाहणं नकोसं झालं होतं, पण उत्तर आलं, तेही हाताने लिहिलेलं: खणाच्या वर रंगाखाली उंचवटा दिसतो, तिथे पट्टी असावी.

होती! कापसाच्या काडीवर थिनर घेऊन हळूहळू पुसलं. (सँडपेपर अजिबात नको, चिंच-मीठही नको, अक्षरं कायमची जातात.) आधी ‘पेडे’ दिसलं, मग ‘डीनेस’. जर्मनीतल्या रेमशाइड गावचे यंत्रनिर्माते पीटर डीनेस! ‘पेडे’ हे त्याच नावाचं छोटं रूप. त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून पट्टी दाखवली.

काळही बराचसा ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत याच नोंदणीसाठी ‘डी.बी.जी.एम.’ ही नवी अक्षरं आली, म्हणजे हे 1891 नंतरचं आणि युद्ध संपण्याआधीचं. ‘मेड इन जर्मनी’ इंग्रजीत, कारण 1887 च्या ब्रिटिश कायद्यामुळे जर्मन मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी कोण छापेल? हा माल परदेशी पाठवायलाच बनला होता.

तुमच्या यंत्रावर सिंह असेल तर ते फ्रान्सच्या प्यूजोचं. मोटारी बनवण्याच्या कितीतरी आधी, 1840 पासून, ते कॉफीची यंत्रं बनवत. बिडाच्या यंत्रावर ‘स्पाँग’ असेल तर लंडनचं, पितळी पट्टीवर ‘केनरिक’ असेल तर वेस्ट ब्रॉमविचचं. तुम्हाला कुठलाही अर्ज भरायची गरज नाही. आणि हो, नट सोडवण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेवा, आतल्या चकत्यांचा क्रम नंतर आठवत नाही.