शेऱ्याचा रकाना

आमच्या संस्थेला भेट द्यायला पाहुणे आले की त्यांना बंधारे बघायचे असतात. बंधाऱ्यात पाणी दिसतं, पाटीवर देणगीदाराचं नाव दिसतं, फोटो चांगला येतो. माझं काम भूजलाचं. माझं पाणी खडकात असतं, त्याचा फोटो कोण काढणार! आणि ज्यांच्या जिवावर हे काम चालतं ती माणसं तर कुठल्याच पाटीवर नसतात. त्यांतल्या एका मावशींनी एका ऑक्टोबरात ग्रामसभेत जे केलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

कऱ्हेच्या खोऱ्यातलं हे गाव, पुरंदरच्या पर्जन्यछायेतलं. वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, तोही मनाला येईल तसा. याच तालुक्यात नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा घरातल्या माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. आज हे नियम भाषणात सगळ्यांना आवडतात. शिवारात बोअरची गाडी आली की कुणाला आठवत नाहीत.

आमची संस्था आसपासच्या गावांत दर ऑक्टोबरला पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, मुरला किती, रब्बीत कुठलं पीक किती एकर घ्यायचं, प्यायला किती राखायचं. भूशास्त्र शिकलेली मी एकटी. आमचा गाडी चालवणारा पूर्वी बोअरच्या मशीनवर होता. चुरी चिमटीत धरून तो सांगतो की हा मांजऱ्या खडक, हा काळा पाषाण, आणि त्याचं सहसा चुकत नाही. हिशेब बघणाऱ्या ताई दर मार्चमध्ये अनुदानाचे कागद जुळवता जुळवता मेटाकुटीला येतात. बंधाऱ्याला पैसे मिळतात, नाला खोलीकरणाला तर विचारायलाच नको. विहिरीची पातळी वर्षानुवर्षं मोजणाऱ्या माणसाचं मानधन मात्र कुठल्या खात्यात बसवायचं, हा त्यांचा कायमचा प्रश्न. ते मानधनही सांगायला लाज वाटावी इतकं किरकोळ आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तालुक्याचा कल कळायला तेवढं पुरतं. एका गावातलं भांडण मिटवायला पुरत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक गावात एक माणूस आठवड्यातून दोनदा मोजतो. या गावात मावशी मोजतात. शिक्षण सातवीपर्यंत, जमीन वीतभरही नाही. दिवसा अण्णांच्या अंजिराच्या बागेत रोजंदारीवर जातात. त्याआधी, उजाडता उजाडता, हातात वजन लावलेली टेप घेऊन विहिरी फिरतात. वेळ उजाडतीची, कारण गावच्या नळपाण्याची मोटार सुरू व्हायच्या आत आकडा घ्यायचा असतो. टेपच्या टोकाला खडू घासायचा, पाण्यात सोडायचा, ओल कुठवर चढली ते बघायचं, कठड्याची उंची वजा करायची. सकाळी साडेआठला शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणीही त्याच मोजतात. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक बऱ्याच अंतरावर आहे. तिथं धो धो कोसळतो तेव्हा इथं कधी कधी धूळही बसत नाही.

त्यांच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकी गावांच्या वह्यांत तो कोरा असतो. मावशी मात्र काहीबाही लिहितात: ‘लाईट रात्रीची’, ‘ओढा वाहतो’, ‘टेप अडकली’, ‘सुनेला बरं नाही, उशीर’.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून मी वहीतले आकडे लॅपटॉपमध्ये भरत होते. गावच्या पिण्याच्या विहिरीचे आकडे एका लयीत वरखाली होत होते. एक आठवडा पहाटेची पातळी ठीक, पुढच्या आठवड्यात हातभर खाली, पुन्हा ठीक. शेती पंपांची वीज इथं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पातळी उतरत होती. म्हणजे रात्रभर कुणीतरी याच झऱ्याचं पाणी ओढत होतं. मग फेब्रुवारीच्या पानावर दिसलं की एका रात्रपाळीच्या आठवड्यात पातळी उतरलीच नव्हती. समोर शेरा: ‘वरच्या बोअरची मोटार जळाली’. पुढच्या रात्रपाळीतही तेच, आणि शेरा: ‘अजून दुरुस्त नाही’. त्यानंतर मोटार बसली आणि चढउतार पुन्हा सुरू.

वरचं बोअर अण्णांचं.

खडकाच्या दृष्टीने यात आश्चर्य काही नव्हतं. आपला दख्खनचा पाषाण थरांचा आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं फटींत आणि मधल्या सच्छिद्र मांजऱ्या थरात. गावच्या विहिरीचा झरा अशाच एका थरातून येतो आणि तो थर उताराच्या वर अण्णांच्या बागेखाली जातो. बोअर 300 फूट, केसिंग, म्हणजे भोकाच्या कडेचा पाईप, मात्र वरच्या वीस फुटांनाच. मोटार चालली की मांजऱ्यातलं पाणी त्या भोकात उतरणार, दुसरं काय होणार?

अडचण वेगळीच होती. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, हे 1993 च्या भूजल कायद्यापासून ठरलेलं आहे. अण्णांचं बोअर 600 मीटरवर. कायद्याने ते साफ सुटत होते.

“मावशी, हे उद्या वाचू का?” मी विचारलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “छाटणी आत्ता लागलीय, ताई. महिनाभराचा रोज आहे माझा.”

मी लॅपटॉप मिटला. नाव न घेता काय मांडता येईल याचा रात्री विचार केला, काही जमेना. नाव घ्यायचं नाही तर मुद्दाच उरत नव्हता.

सभा देवळाच्या मंडपात. सुरुवातीचा अर्धा तास नेहमीसारखाच गेला: माईक लागेना, उपसरपंच उशिरा, मागच्या ठरावाचं काय झालं यावर दोघांची जुंपली. मग मी फळ्यावर हिशेब मांडला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. गावाचं क्षेत्र 1100 हेक्टर, पाऊस 430 मिलिमीटर, म्हणजे आभाळातून आलं 473 कोटी लिटर. हा आकडा ऐकला की दर वर्षी लोक खूश होतात. मग मी सांगते की यातलं खडकात मुरतं ते दहाएक टक्के, आणि मंडप गार पडतो. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभऱ्याला दोन, उन्हाळी कांद्याला दहा-बारा. एवढं बोलून झालं की वाद आपोआप पेटतो.

अण्णाच उठले. “पिण्याची विहीर काठोकाठ आहे. मागच्या उन्हाळ्यात टँकर आला तो ग्रामपंचायतीच्या ढिसाळपणामुळं. आमच्या कांद्याचा त्यात काय संबंध?”

मी काही बोलायच्या आत बायकांच्या बाजूने मावशी उभ्या राहिल्या. वही हातात होती. “संबंध आहे, अण्णा,” म्हणाल्या, आणि तारखा वाचायला लागल्या. नुसत्या तारखा, आकडे आणि शेरे. स्वर अगदी सपाट, हजेरी घ्यावी तसा. ‘मोटार जळाली’ पर्यंत आल्या तेव्हा मंडपात कुजबुज थांबली होती.

“मावशी, माझ्याच बागेत राबता आणि माझ्याच मोटारीची टिपणं ठेवता?”

“बागेत राबते म्हणून तर मोटार जळाल्याचं कळलं, अण्णा. नाहीतर मला कुठलं कळायला?”

कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी कायद्याचे 500 मीटर काढले, ते मला खरे आहेत म्हणून सांगावं लागलं. मग त्यांनी वहीवर शंका घेतली: एकट्या बाईने पहाटे काय मोजलं, कुणी पाहिलं? राग आला तरी प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्या गाडीवाल्याने दिलं, जो सभेत कधी तोंड उघडत नाही. “अण्णा, पुढचा आठवडा रात्रीच्या लाईटीचा आहे. तीन रात्री मोटार चालवा, तीन रात्री बंद ठेवा. तुमचा माणूस मोजायला द्या.”

अण्णांनी सून दिली. कृषी पदविका झालेली पोर. तिने मावशींच्या टेपवर भरवसा न ठेवता स्वतःची नवी टेप आणली, याचं मला कौतुकच वाटलं. मोटार चालली त्या तिन्ही पहाटे पातळी उतरलेली, बंद ठेवली तशी चढत गेलेली. दोन्ही टेपांत बोटभराचाही फरक नव्हता. वहीत सुनेची सही आहे.

पुढची सभा वादळी झाली, तिचं सगळं सांगत बसत नाही. अंजीर हे झाड आहे, कांद्यासारखं एका वर्षी सोडून देता येत नाही. मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याकडे तोडायला येणारं पीक, धरलेल्या बागेला उन्हाळ्यापर्यंत पाणी लागतंच. हे मावशींनीच मांडलं. शेवटी ठरलं ते असं: बागेला ठिबकने पाणी सुरू राहील, अण्णा उन्हाळी कांदा घेणार नाहीत, आणि त्या थरावरची बाकीची बोअरं त्याच नियमात येतील. हे शेवटचं कलम अण्णांनी अडून घातलं. मी एकटाच का मरू, असं म्हणाले. दोघांनी सही केली नाही. त्यातल्या एकाचं बोअर काळ्या पाषाणात आहे, त्याचा या झऱ्याशी संबंध नसावा. दुसऱ्याच्या बोअरची तशीच चाचणी अजून व्हायची आहे.

छाटणीला अण्णांनी मावशींना बोलावलं नाही. त्या दुसऱ्याच्या शेतात हरभरा खुरपायला गेल्या, आणि मला काही करता आलं नाही, कारण आमच्या कुठल्याही अनुदानात बुडालेल्या रोजाचं खातं नाही. हिशेबाच्या ताईंनी खटपट करून पुढच्या प्रस्तावात मानधन दुप्पट मागितलंय, मंजुरी यायची आहे. मीठा बहाराचा तोडा लागला तेव्हा मात्र अण्णांना हात कमी पडले. पिकलं अंजीर दबलं की गेलं, नवशिक्याच्या हाती देता येत नाही. सून स्वतः मावशींच्या घरी निरोप घेऊन आली. मावशी गेल्या, पण आधी रोज पन्नास रुपयांनी वाढवून घेतला.