शून्य रुपयांचं तिकीट

आज आईला घेऊन साताऱ्याहून वाईला मावशीकडे जाऊन आलो. मी 66, आई 87. एसटीत चढल्या चढल्या आईने बटव्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं आणि कंडक्टर यायच्या आधीच हातात धरून बसली. मशीनमधून तिचं तिकीट निघालं, शून्य रुपयांचं. माझं अर्धं, कारण 65 ते 75 वाल्यांना निम्मं भाडं. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्याच्या हद्दीत फुकट. बायकांना 2023 च्या मार्चपासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे आमची ही पासष्टीची वाट न बघताच माझ्या बरोबरीला आली!

रेल्वेत पूर्वी साठीनंतर पुरुषांना 40 टक्के सूट मिळायची. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली, मी साठीचा झालो त्याच वर्षी. असो.

आईला मात्र फुकट हा शब्द चालत नाही. "अगं, शून्य लिहिलंय, तरी जपून ठेवतेस?" म्हटलं, तर म्हणाली, "चेकर आला म्हणजे?" घरी आल्यावर पाहिलं तर देवघराच्या खणात अशा तिकिटांची चळतच निघाली, रबर लावलेली. आणि वाचलेले पैसे? ते वाईच्या बाजारात पेढ्यांवर आणि मावशीच्या चोळखणावर कधीच गेले होते. वर पाववाल्याचे बावीस रुपये माझ्या खिशातून.