बोट तिथंच ठेव

पुढं काय करायचं ते वाचणाऱ्यानंच निवडायचं अशी काही गोष्टींची पुस्तकं असतात, त्यांच्या सुरुवातीलाच ताकीद छापलेली असते, की हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचू नका. मला हे जाम आवडतं. शाळेत आपल्याला कायम उलटं सांगितलं, धडा पहिल्यापासून वाच, मधलं गाळू नको, शेवट आधी बघू नको, आणि इथं पुस्तकच सांगतंय की उड्या मारल्याशिवाय तुला काही कळणार नाही. दीड-दोन पानं वाचायची की खाली प्रश्न येतो, गुहेत शिरायचं असेल तर अमुक पानावर जा, मागं फिरायचं असेल तर तमुक पानावर जा. आणि गोष्टीतला हिरो कोण तर तूच, म्हणजे जो वाचतोय तो.

इंग्रजीत ही मालिका 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर' नावानं निघाली. त्यातलं एक, कव्हर अर्धं फाटलेलं, माझ्या भाच्याला रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या गठ्ठ्यात सापडलं. आमच्याकडं बेळगावात सुट्टी एप्रिलातच लागते, पुण्याची भावंडं मे उजाडल्याशिवाय येत नाहीत, तोवर शहापुरातल्या आमच्या गल्लीतली पोरंच एकमेकांना धरून असतात. तर हे पुस्तक कट्ट्यावर वाचायचं ठरलं. भाचा इंग्लिश मीडियमचा म्हणून तो वाचणार आणि मराठीत सांगणार, एक पोरगं कन्नड शाळेतलं, त्याचं मराठी अडलं की शेजारची पोरगी त्याला कन्नडातनं सांगणार, आणि निवडायची वेळ आली की सगळ्या भाषांत एकदमच कालवा. 'आत जाऊया की गा!' 'ब्याड ब्याड, ओळग होगब्याड!' (नको नको, आत जाऊ नको!) मग हात वर करून मतदान, मग मतं मोजण्यावरनं भांडण, आणि एवढं सगळं करून आत गेले की पान उलटल्यावर तिसऱ्या ओळीत हिरो मेला.

हिरो मेला की कोण रडत नाही, सगळे एकदम म्हणतात, 'बोट आहे न्हवं?' कारण वाचणाऱ्यानं मागच्या पानात बोट घालून ठेवलेलं असतं. मेलो तर परत तिथं जायचं आणि दुसरी वाट धरायची. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नाही, पुस्तकात कुठं लिहिलेली नाही, तरी पहिल्याच दुपारी सुचली, आणि माझी खात्री आहे की ही पुस्तकं जगात जिथं जिथं गेली तिथं पोरांनी हेच केलं असणार. आमच्याकडं तर एकदा भाच्याची तीन बोटं तीन पानांत अडकली होती, पुस्तक धरायला हात उरेना, तेव्हा बाजूच्याचं बोट उसनं घेतलं. 'तुझं बोट तिथंच ठेव, हलवू नको' म्हणून त्याला दम दिला आणि ते पोरगं बिचारं, चुरमुऱ्याच्या गिरमिटाची पुडी आली तरी एका हातानं खात बसलं.

आमचा दादा हे सगळं बघून म्हणाला, चांगलंय की, पोरांना निर्णय घ्यायची सवय लागते, परिणाम कळतात. मोठ्या माणसांना कशातनं तरी काहीतरी शिकायलाच पाहिजे असतं. मला तर हे मुळीच पटलं नाही. या पुस्तकांत परिणाम निर्णयाला धरून असतोच असं कुठंय? डावीकडं वळलास तर खजिना, उजवीकडं वळलास तर खाली दरी, आणि डावी का उजवी हे ठरवायला हाताशी काहीच दिलेलं नसतं. शहाण्यासारखं वागलेला मरतो आणि आगाऊपणा करणारा राजा होतो. सापशिडीत निदान फाशाला शिव्या घालता येतात, इथं फासा टाकणारे आपणच, त्यामुळं शिव्या कुणाला घालायच्या हाच प्रश्न. (फाशांची सोयसुद्धा पुढं झाली, 1982 साली इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंग्स्टन या दोघांनी अशा पुस्तकात खरेच दोन फासे आणले, ताकद किती उरली, नशीब किती उरलं ते पेन्सिलीनं लिहीत राक्षसांशी लढायचं. तिथंही पोरं हरलेली लढाई हरली म्हणून मांडत असतील असं मला वाटत नाही.)

पण एवढे मरतात का याचा हिशेब मी एकदा रिकामी बसले असताना करून बघितला. प्रत्येक ठिकाणी दोनच वाटा धरल्या तरी दुसऱ्या प्रश्नाला चार वाटा, तिसऱ्याला आठ, आणि दहाव्या प्रश्नापर्यंत 1024. एवढ्या गोष्टी कोण लिहिणार आणि ते पुस्तक उचलणार कोण? म्हणजे लिहिणाऱ्याला दोनच मार्ग. एक तर वाटा पुढं नेऊन गुपचूप परत एकत्र आणायच्या, नाहीतर वाचणाऱ्याला लवकर मारायचं. मालिकेतलं पहिलं पुस्तक, 1979 चं 'द केव्ह ऑफ टाइम', त्यात सव्वाशेच्या आत पानं आणि 40 शेवट आहेत. मग एकेक गोष्ट किती लांब चालणार तुम्हीच सांगा. ते सगळे शेवट काही मरणाचे नाहीत म्हणा, कुठं भलत्याच काळात अडकून पडतो, कुठं सुखरूप घरी येतो, पण लवकर संपायचं हे ठरलेलंच.

हे पुस्तक लिहिणारा एडवर्ड पॅकार्ड हा अमेरिकेतला वकील. रात्री पोरींना झोपवताना पीट नावाच्या पोराची गोष्ट सांगायचा, एका रात्री त्याला पुढं काही सुचेना. आमच्याकडं अशा वेळी 'झोपा आता गप' म्हणतात. त्यानं पोरींनाच विचारलं की पीटनं आता काय करावं, तर दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यातनं त्याला कल्पना सुचली, 1969 मध्ये त्यानं एका बेटावरची अशी गोष्ट लिहून काढली आणि मग प्रकाशकांचे नकार गोळा करत बसला. शेवटी 1976 साली व्हर्माँटमधल्या आर. ए. माँटगोमेरी यांच्या छोट्या प्रकाशनानं ती छापली. पुढं मोठ्या प्रकाशकाकडं मालिका गेल्यावर माँटगोमेरीही तिच्यासाठी लिहायला लागले, आणि 1979 ते 1998 या काळात पावणेदोनशेच्या वर पुस्तकं निघाली, खप म्हणे 25 कोटी प्रतींचा.

तसं बघितलं तर पॅकार्डच्या आधी 1930 मध्येच अमेरिकेतल्या दोन बायकांनी, डोरिस वेबस्टर आणि मेरी ॲल्डन हॉपकिन्स यांनी, असं पुस्तक काढलं होतं. ते मोठ्यांसाठी होतं आणि त्यात गुहा-बिहा नव्हत्या, त्यातल्या मुलीपुढं प्रश्न होता की दोघांपैकी लग्न कुणाशी करायचं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यात बोट घालून ठेवायची सोय होती काय गं? मी म्हटलं होती. 'बरंय बाई त्यांचं,' म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. बाबा पेपरातनं डोकं वर न काढता ऐकत होते.

आणि आपला विक्रमराजा तरी काय करत होता? वेताळ गोष्ट सांगून शेवटी त्यालाच विचारणार, सांग राजा यातला खरा दोषी कोण, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो झाडावर. निवडायचं असं म्हणतात आणि दोन्हीकडनं गोची. फरक एवढाच की वेताळ आपल्या सोयीनं परत झाडावर जातो, विक्रमाला मागं जाऊन वेगळं उत्तर देऊन बघायची सोय नाही. त्याला बोट घालायला जागाच नव्हती.

आत्ताच्या पडद्यावरच्या गोष्टींतसुद्धा नाही. 2018 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर 'बँडरस्नॅच' नावाचा सिनेमा आला, त्यात प्रत्येक फाट्यावर साधारण दहा सेकंद मिळायचे, तेवढ्यात तुम्ही निवडलं नाही तर तोच निवडून पुढं जायचा. वाट चुकली तर मागं न्यायचा म्हणा, पण कुठं न्यायचं ते तोच ठरवायचा. कागदाच्या पुस्तकाला तुम्ही काय करताय त्याचा पत्ताच नसतो, हीच त्याची मजा. हे पॅकार्डलाही पक्कं माहीत असणार, कारण 1982 च्या 'इनसाइड यूएफओ 54-40' मध्ये त्यानं अल्टिमा नावाचा एक स्वर्गासारखा ग्रह ठेवलाय, सगळ्या पुस्तकभर त्याचा शोध, आणि कुठलीही वाट धरा, त्या पानावर जाताच येत नाही. जायचं तर एकच उपाय, पुस्तकाचं ऐकायचं नाही आणि सरळ पानं चाळायची. ताकीद देणाऱ्यानंच ताकीद मोडणाऱ्यासाठी बक्षीस ठेवलं. पोरांना हे सांगितल्यापासून त्यांनी आमचं ते फाटकं पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचून काढलं, लपवलेलं काही आहे का बघायला. काही सापडलं नाही, पण मधली पंधरा-वीस पानंच गायब आहेत हे मात्र कळलं, म्हणजे इतके दिवस काही वाटा रद्दीवाल्याकडंच राहिल्या होत्या.

मग त्यांनी स्वतःचंच लिहायला घेतलं, शंभरपानी वहीत. गोष्ट बेळगावातनं गोव्याला जायची, कारण आमच्याकडनं गोव्याला तीन वाटा आहेत हे बारक्या पोरालाही ठाऊक असतं, जांबोटी-चोरल्याची, खानापूर-लोंढ्यावरनं अनमोडची आणि तिसरी आंबोलीवरनं सावंतवाडीची. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं तक्रार, 'आत्ती, पानं पुरंनात गं.' मी काही बोलले नाही, उपाय त्यांना आपोआप सुचला. चोरल्यात दरड कोसळून बस खल्लास, आंबोलीत धबधब्याखाली सेल्फी काढताना सगळे वाहून गेले, एकदम दोन वाटा साफ. अनमोडची तेवढी ठेवली, कारण लोंढ्याला एकाची आज्जी राहते आणि तिच्याकडं जेवून पुढं जायचंय.

कन्नड शाळेतल्या त्या पोराला मात्र हे मान्य नव्हतं. त्यानं चोरल्याच्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ वाढवून ठेवलीय, मागच्या सीटवरचे वाचले, पान 61 वर जा. आणि 61 वर काय हाय रे, असं भाच्यानं विचारलं तर म्हणतो, 'ते मी कन्नडात लिवणार. मग वाचून घ्यायला माझ्याकडंच यायला लागतंय तुमाला.'