पंप बंद पडला तर काय? गॅलरीतील हायड्रोपोनिक्सचा माझा अनुभव

हायड्रोपोनिक्सचे साहित्य विकणाऱ्याकडे नवखा माणूस गेला की त्याच्यापुढे बहुधा पांढऱ्या पाइपांचा तीन-चार मजली सांगाडा ठेवला जातो. तो दिसायला देखणा असतो, थोड्या जागेत त्यात बरीच रोपे मावतात आणि किंमतही त्याच मानाने असते. कोथरूडमधील आमच्या सदनिकेच्या पूर्वेकडील गॅलरीत मातीविना भाजी लावायचे ठरले, तेव्हा मलाही तोच सुचवण्यात आला. मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी प्रचलित पद्धती नीट समजून घ्यायच्या असे मी ठरवले आणि प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न लावून पाहिला: वीज गेली आणि घरात कोणी नसले, तर मुळे किती वेळ तग धरतील? देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी काही तास वीज बंद राहणे पुणेकरांना नवे नाही, आणि त्या वेळी आमच्या घराला कुलूप असते.

या प्रश्नामुळे पद्धतींमधील खरा फरकही लक्षात आला. मुळांना पाणी, पोषक क्षार आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. पहिल्या दोन सर्वच पद्धतींत सारख्याच असतात. फरक असतो तो मुळांपर्यंत हवा कशी पोहोचते याचा.

सुरुवात मी क्रॅट्की पद्धतीने केली. अमेरिकेतील हवाई राज्याच्या विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पंप नसतो, नळी नसते, विजेचा संबंधच नसतो. झाकणाच्या डब्यात पोषक द्रावण भरायचे, झाकणाला भोक पाडून त्यात जाळीदार कुंडी बसवायची आणि तिचा तळ द्रावणाला जेमतेम टेकेल एवढीच पातळी ठेवायची. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते, वर दमट हवेची पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत आलेली मुळे हवा घेऊ लागतात. त्यामुळे डबा अर्धा झाला म्हणून काठोकाठ भरण्याचा मोह टाळावा लागतो, कारण हवेची सवय लागलेली मुळे पुन्हा बुडाली तर रोप गुदमरते. भर घालायचीच असेल, तर ती थोडी आणि खालच्या पातळीपुरतीच घालावी. लेट्युस, पाकचोई, तुळस अशा लवकर तयार होणाऱ्या पिकांना ही पद्धत मानवते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या टोमॅटोला एवढासा साठा पुरत नाही.

डबे मी रविवार पेठेतील बोहरी आळीतून आणले. ते पारदर्शक असल्याने बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग दिला. काळ्या थरामुळे आत उजेड जात नाही आणि शेवाळ धरत नाही. पांढऱ्या थरामुळे ऊन परावर्तित होऊन द्रावण कमी तापते. पुण्यात याहून महत्त्वाची काळजी डासांची आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि क्रॅट्कीचा डबा म्हणजे नेमके तेच पाणी. कुंडीभोवतीची फट स्पंजाने आणि हवेसाठी पाडलेले छिद्र बारीक जाळीने बंद केल्याशिवाय मी एकही डबा गॅलरीत ठेवला नाही. औषध फवारायला येणाऱ्या कर्मचाऱ्याने झाकण उचलून पाहिले, तर त्याला ही व्यवस्था दिसली पाहिजे, असा माझा त्यामागे थोडा स्वार्थही होता.

वातीची पद्धतही विजेविना चालते. खालच्या भांड्यातील द्रावण सुती किंवा नायलॉनच्या वातीतून वरच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, चढते. पुदिन्याच्या एखाद्या कुंडीसाठी ती ठीक आहे, पण जास्त पाणी पिणाऱ्या रोपाची तहान वातीने भागत नाही आणि कोकोपीटमध्ये क्षार साठत जातात, म्हणून ते मधूनमधून साध्या पाण्याने धुवावे लागते.

पुढची पायरी होती डीप वॉटर कल्चर, म्हणजे मुळे कायम द्रावणात आणि त्यात मत्स्यपेटीतल्याप्रमाणे एअर स्टोनमधून सतत बुडबुडे. रोपांची वाढ येथे जोमाने होते, पण सगळी मदार विरघळलेल्या प्राणवायूवर असते. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. पाणी तापले की मुळांची गरज वाढते आणि साठा मात्र घटतो, त्यातच मुळे कुजवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाला उबदार पाणी आवडते. हिवाळ्यात एअर पंप काही तास बंद राहिला तरी रोपे निभावून नेतात, एप्रिलमध्ये तसा भरवसा धरता येत नाही. म्हणून मी बॅटरीवर चालू राहणारा एअर पंप घेतला आणि तो द्रावणाच्या पातळीपेक्षा वर टांगला. पंप खाली असेल, तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे वाहून त्यात शिरू शकते. सोसायटीच्या सचिवांनी गॅलरीवरील वजनाची चौकशी केली, ती रास्तच होती, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मोठा टब न ठेवता वीस लिटरच्या बादल्या भिंतीलगत विखरून ठेवल्यावर त्यांचे समाधान झाले.

आता तो पांढऱ्या पाइपांचा सांगाडा. त्याच्या पद्धतीला एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) म्हणतात. किंचित उतार दिलेल्या नळीतून द्रावणाचा पातळ थर सतत वाहतो. मुळांचा खालचा भाग भिजलेला आणि वरचा हवेत राहतो, त्यामुळे हवेचा प्रश्न फार सुरेख सुटतो. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी ती विकसित केली, ती काचगृहांतील व्यावसायिक पिकांसाठी. पण नळीत ना माती असते ना साठलेले पाणी, त्यामुळे पंप थांबला की उन्हाळ्याच्या दुपारी रोपे काही तासांतच माना टाकतात. शिवाय आपल्याकडे हे पाइप बहुधा गोल पीव्हीसीचे असतात, ज्यांत थर सारखा पसरत नाही. सपाट तळाच्या नळ्या त्याहून चांगल्या. इन्व्हर्टर असलेल्या आणि घरात दिवसभर कोणीतरी असलेल्या कुटुंबाने ती पद्धत जरूर घ्यावी, मी घेतली नाही.

त्याऐवजी भरती-ओहोटीची पद्धत उभी केली आणि तीच मला सर्वांत समाधानकारक वाटते. वरच्या ट्रेमध्ये भाजलेल्या मातीचे गोळे, खाली द्रावणाची टाकी, टायमरवर चालणारा लहान पंप आणि ट्रे ओसंडू नये म्हणून ठरावीक उंचीवर बसवलेली जादा पाण्याची नळी, एवढीच तिची रचना असते. पंप चालू झाला की ट्रे भरतो. थांबला की पाणी त्याच वाटेने टाकीत परतते आणि जाताना मुळांभोवती ताजी हवा ओढून घेते. वीज गेलीच तर ट्रे फक्त रिकामा होतो आणि गोळ्यांनी धरलेला ओलावा रोपांना बराच वेळ पुरतो. टाकी मात्र ट्रेमधील सर्व पाणी सामावण्याएवढी मोठी हवी, नाहीतर खालच्या मजल्यावरून तक्रार ठरलेलीच.

ठिबक पद्धतीबद्दल महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. कोकोपीट व परलाइट (हलके, पांढरे खनिज खडे) भरलेल्या बादलीला ड्रीपर लावला की टोमॅटो, मिरची, काकडीची सोय होते. मुळांवर तुषार उडवणारे एरोपोनिक्स मी विचारातच घेतले नाही, कारण त्याची बारीक तोंडे क्षारांनी चोंदतात आणि पंप थांबल्यावर मुळांना कशाचाच आधार उरत नाही.

पद्धत कोणतीही निवडली, तरी खरी मेहनत द्रावणावर घ्यावी लागते. कृषी सेवा केंद्रात मागितल्यास 19:19:19 पुढे केले जाते. ते मातीतील पिकांसाठी चांगले खत आहे, पण त्यातील बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, जो जिवाणूंनी रूपांतर केल्याशिवाय मुळांच्या फारसा कामी येत नाही, आणि कॅल्शियम तर त्यात नसतेच. म्हणून ए आणि बी अशा दोन बाटल्यांत मिळणारे हायड्रोपोनिक्सचे खत घ्यावे. दोन बाटल्या असण्याचे कारण असे की, घट्ट स्वरूपातील कॅल्शियम नायट्रेट सल्फेट आणि फॉस्फेटला भेटले की पांढरा साका बसतो आणि तो मुळांना शोषता येत नाही. एक बाटली पाण्यात पूर्ण ढवळल्यावरच दुसरी ओतावी.

द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, 5.5 ते 6.5 च्या दरम्यान ठेवावा लागतो. लिंबाने तो उतरतो खरा, पण लवकरच पुन्हा चढतो. फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब अधिक भरवशाचे, अर्थात हातमोजे घालून. द्रावणाची ताकद म्हणजे ईसी (विद्युतवाहकता, मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) लेट्युससाठी 0.8 ते 1.2, तर टोमॅटोसाठी 2 च्या वर हवी. येथे पाण्याचा उगम निर्णायक ठरतो. खडकवासल्याचे नळाचे पाणी मऊ असल्याने त्यात खतासाठी भरपूर वाव राहतो. उन्हाळ्यात टँकर आला की मीटरवरचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) सहाशेच्या पुढे जातो, म्हणजे ईसी साधारण 1.2 होते आणि खताचा थेंबही न घालता लेट्युसची मर्यादा जवळजवळ संपलेली असते आणि त्यातील बायकार्बोनेटमुळे सामू सारखा वर सरकतो. त्या दिवसांत मी आरओ यंत्राचे शुद्ध पाणी त्यात मिसळते. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र अधिकच क्षारयुक्त असल्याने ते फरशी पुसण्यापुरतेच वापरते.

ऑक्टोबरची उष्मा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत लेट्युस आणि पालक निर्धास्त लावता येतात. मार्चनंतर लेट्युसला तुरा येऊन पाने कडू होतात, म्हणून तेव्हा डबे धुऊन उलटे ठेवते आणि भरती-ओहोटीच्या ट्रेवर हिरवी जाळी बांधून तुळस व पुदिना तेवढे चालू ठेवते. टाकीतील द्रावण दर पंधरवड्याला बदलते. जुने द्रावण पाणी घालून पातळ केले की मातीतल्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला चालते.