पगार विचारून फी का ठरवता?

फोनवर कुणी समुपदेशनाची फी विचारली की मी एक आकडा सांगत नाही, उत्पन्नाप्रमाणे तीन सांगते. मग पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "म्हणजे ज्याचा पगार जास्त, त्याने दुसऱ्याचेही भरायचे का? आणि लोक खोटं सांगत नाहीत का?" तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

मी पुण्यात सदाशिव पेठेत समुपदेशनाचं काम करते. पन्नास मिनिटांच्या सेशनची माझी फी १५०० रुपये. त्याखाली ८०० आणि ३०० असे दोन टप्पे. पूर्ण फी देणाऱ्याकडून मी दुसऱ्याची भरपाई काढत नाही. खालच्या टप्प्यांत जे कमी येतं, ते माझ्या मिळकतीतूनच जातं. म्हणून त्या जागा मोजक्या आहेत, साधारण चारांतली एक. खोलीचं भाडं आणि दर महिन्याची सुपरव्हिजनची (अनुभवी समुपदेशकाकडून स्वतःचं काम तपासून घेण्याची) फी भागवून एवढंच जमतं.

आता कारण. थेरपी एका भेटीत होत नाही. घाबरेपणाचा, नैराश्याचा त्रास घेऊन माणूस आला की पहिल्या दोन-तीन भेटी त्याचं ऐकण्यात आणि समजून घेण्यात जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. सीबीटीसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या) पद्धतीत बारा ते सोळा सेशन्स धरतात. दर आठवड्याला १५०० म्हणजे महिन्याला सहा हजार. वीस हजार पगाराच्या माणसाला ते कसे झेपणार? तो कुणाकडून तरी उसने घेऊन दोनदा येतो, आणि मग मेसेज येतो: "मॅडम, आता बरं वाटतंय." खूपदा बरं वाटत नसतं, पैसे संपलेले असतात. असा माणूस पुढे कित्येक वर्षं सांगत राहतो की मी काउन्सेलिंग करून पाहिलं, उपयोग झाला नाही. मला हे फार लागतं. माणसाला दहाव्या सेशनलाही येता येईल अशी फी हवी, एवढाच माझा हिशोब आहे.

"पण पैसे मोजल्याशिवाय किंमत राहत नाही," असं काहीजण म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानेही १९१३ साली साधारण असंच लिहिलं होतं. पाचच वर्षांनी, १९१८ साली बुडापेस्टच्या भाषणात तो म्हणाला की गरिबाला शस्त्रक्रियेवर जितका हक्क आहे, तितकाच मनाच्या उपचारावरही आहे. १९२० मध्ये बर्लिनला त्याच्या सहकाऱ्यांनी दवाखाना काढला. तिथे ज्याला जे परवडेल ते तो देई, काहीच नसेल तरी उपचार होत. त्यामुळे ही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे.

आणि फुकटाचीही किंमत मोजावी लागतेच. ससून या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केस पेपर काढून रांगेत उभ्या राहणाऱ्या घरकामाच्या मावशींचा त्या दिवशी खाडा होतो. तिथले डॉक्टर जीव तोडून काम करतात, पण गर्दी एवढी की औषध लिहून मिळतं, निवांत बोलायला वेळ मिळत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की मानसिक आजाराच्या रुग्णांच्या कुटुंबांचे उपचार आणि जाण्यायेण्यावर महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जात होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला विमा देणं बंधनकारक केलं खरं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याला येऊन बोलण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून.

उत्पन्न म्हणजे नेमकं काय, हा मात्र खरा अवघड प्रश्न आहे. पहिल्या भेटीत मी एक छापील कागद देते. त्यावर तीन टप्पे आणि खाली चार ओळी: घरात खाणारी तोंडं किती, भाडं किती, हप्ते किती, आजारपणाचा खर्च किती. खूण माणसाने स्वतःच करायची. पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाचं उत्पन्न शून्य असतं, आणि घरून येणारे पैसे मेस आणि अभ्यासिकेतच संपतात. त्याचं ठरवणं सोपं आहे.

कठीण जातं ते प्रभात रोडच्या बंगल्यात राहणाऱ्या बाईंचं. (ओळख पटू नये म्हणून या सगळ्यांचे तपशील बदलले आहेत.) घरात कशाची कमी नाही, पण त्यांच्या हातात स्वतःचा रुपया नाही. भाजीच्या पैशांचाही हिशोब द्यावा लागतो. इथे येतात ते घरात कुणाला माहीत नाही. फोनवरून पैसे पाठवले तर नवऱ्याला कळेल, म्हणून भिशीतून बाजूला काढलेल्या नोटा रुमालात बांधून आणतात. कागदावर त्यांनी १५०० वर खूण केली, कारण "आमचं घर मोठं आहे हो." मी म्हटलं, घराचं राहू द्या, न विचारता तुम्ही किती खर्च करू शकता ते सांगा. त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या. मग ३०० वर खूण केली. फीबद्दलच्या त्या बोलण्यातच त्यांचं निम्मं दुखणं पहिल्यांदा बाहेर आलं.

उलटही होतं. एका रिक्षावाल्या दादांनी बायकोसमोर सगळ्यात वरच्या आकड्यावर खूण केली. "आपण फुकटे नाही, मॅडम." पुढच्या भेटीला ते एकटे आले तेव्हा मी तो कागद पुन्हा समोर ठेवला. पेन थोडा वेळ हातातच राहिला, मग ८०० वर टेकला.

आता खोट्याबद्दल. मी सॅलरी स्लिप मागत नाही, तहसीलदाराचा दाखलाही नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथे लाखांची बिलं असतात, कागद मागणं समजू शकतं. माझ्या खोलीत माणूस आयुष्यात कुणाला न सांगितलेलं सांगायला येतो. दारातच पुरावा मागितला तर तो आत येऊन काय बोलणार? काहीजण कमी सांगत असतीलही. त्यांच्यामुळे बाकी सगळ्यांची झडती घ्यायची माझी तयारी नाही. वर्षातून दोनदा आम्ही फी पुन्हा बघतो. तेव्हा नोकरी लागलेली मुलं आपणहून वरच्या टप्प्यावर जातात.

तुम्ही कुणाकडेही थेरपीसाठी जाणार असाल तर फोनवरच विचारा, "सवलतीची फी असते का? जागा कधी रिकामी होईल?" पुण्यात आमच्यापैकी अनेकजण अशा जागा ठेवतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. माझ्याकडे जागा नसेल तर अंदाजे किती थांबावं लागेल ते मी सांगते, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर देते. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. नियमित थेरपीची भरपाई त्याने होत नाही, पण रात्री दोन वाजता फोन उचलायला तिथे माणूस असतो.