पन्नासचा स्लायडर खाली

मागच्या मे महिन्यातला एका लग्नातला संगीतचा कार्यक्रम अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो. मी नागपुरात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लोकांना वाटतं हे संध्याकाळी चमकीचे शर्ट घालून येतात आणि वाजवतात, पण आमचा दिवस दुपारी चारला मागच्या दारानं सामान चढवण्यापासून सुरू होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत फुल एसी, त्यामुळे गाडीत तापून उतरलेल्या तारा आत आल्या की गार होऊन चढतात, म्हणून अर्धा तास ट्यूनिंगला हातच लावायचा नाही. हे नवीन पोरांना कोणी सांगत नाही.

हॉल वर्धा रोडवरचा, नाव राहू द्या. स्टेज कोनाड्यात, तीन बाजूंनी भिंती, रुंदी वीसेक फूट, खाली लोखंडी फ्रेमवर प्लाय ठोकलेला म्हणजे आतून पोकळ. साउंडचेकला बेसची ई तार वाजवली, ठीक. मग एची मोकळी तार छेडली आणि पूर्ण स्टेज घुमला, पायाला कळत होतं. डी वाजवला तर परत बिचारा गप. घुमत होता तो फक्त ए, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी सहा. आणि यादीत सुरुवातीची तिन्ही गाणी ए मायनरची! गायिका म्हणाली, "दादा, खालून काहीतरी भों भों येतंय, मला सा पकडता येत नाहीये." कीबोर्डवाला म्हणे, "कुठे काय? मला तर तुझा बेसच ऐकू नाही येऊन राहिला."

दोघंही खरं बोलत होते, आणि इथेच मला मजा यायला लागली. मोकळ्या ए तारेचा स्वर ५५ हर्ट्झचा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर त्या लाटेची लांबी सव्वासहा मीटरच्या जवळपास, म्हणजे वीस फुटांहून थोडीशीच जास्त. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती जवळजवळ पूर्ण मावते. अशी लाट भिंतींपाशी आणि मधोमध फुगते आणि भिंतीपासून पाचेक फुटांवर मरते. मी आणि गायिका मधोमध, कीबोर्डवाला बरोबर त्या मेलेल्या जागेत. त्याला म्हणलं इकडे येऊन उभा राहा, तर आला आणि "अरे बापरे" म्हणाला.

साउंडवाल्याला सांगितलं की बाबा तुझ्याकडे एकतीस बँडचा ग्राफिक इक्वलायझर आहे, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचे एकतीस स्लायडर, त्यातला ५० आणि ६३ हर्ट्झचा थोडा खाली घे. तर म्हणे, "भाऊ, सिस्टिम सेट आहे, तिले हात नको लावू. तुमच्या गिटारातच गडबड असन." भाड्यानं येणाऱ्या सिस्टिमचा ग्राफिक कधी जवळून पाहा, दोन्ही टोकं वर आणि मधलं सगळं खाली दाबलेलं. डीजेला चालतं ते, पण बेस गिटारचा सूर ओळखू येतो तो नेमका त्या मधल्या भागात, आणि तोच यांनी खाल्लेला असतो. वर नवरीचे मामा स्टेजपाशी येऊन, "ओ भाऊ, धमक नाही येऊन राहिली, बेस वाढवा ना थोडा!"

माझ्याकडे बॉस कंपनीचा जीईबी-७ आहे, म्हणजे बेससाठीचं छोटं इक्वलायझर पेडल. सात स्लायडर, ५०, १२०, ४००, ५००, ८००, मग डायरेक्ट साडेचार हजार आणि दहा हजार, प्रत्येक पंधरा डीबी (डेसिबल) वर किंवा खाली. ४०० आणि ५०० शेजारी-शेजारी कशाला दिले म्हणून पुष्कळ जण हसतात, मी नाही हसत. ५० चांगला दहा डीबी खाली घेतला. १२० पाच खाली, कारण ५५ चा दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारा त्याच्या दुप्पटीचा स्वर, ११० ला येतो, तो पण ए स्वरच. ४०० आणि ५०० दोन्ही चार-चार वर, ८०० तीन वर, दहा हजार पूर्ण खाली कारण तिथे एलईडी लायटांची चरचर सोडून काहीच नव्हतं. मग लेव्हल थोडी वर. पेडल डीआय बॉक्सच्या (बेसचा सिग्नल अँप आणि सिस्टिम दोन्हीकडे वाटणारा डबा) आधी, म्हणजे जे केलं ते माझ्या अँपलाही आणि बाहेरच्या सिस्टिमलाही. अर्थात ५० चा स्लायडर काही फक्त ५५ नेत नाही, ई तारेचा ४१ पण सोबत गेला, मग ई जरा जोरात वाजवला. मामांचं ऐकून तोच स्लायडर दहा डीबी वर केला असता तर अँपकडे तिथे दहापट पॉवर मागितल्यासारखं झालं असतं आणि नुसता घुमार वाढला असता.

दुसऱ्या गाण्यापासून हॉल साफ. गायिकेनं मागे वळून अंगठा दाखवला. मधे मामा परत आले, "आता कसा बेस येऊन राहिला! वाढवला ना?" मी म्हणलं, हो. काय सांगणार? वरचे हार्मोनिक नीट पोचले की खालचा मूळ स्वर कमी असला तरी कान तो स्वतः भरून घेतो, हे त्यांना पनीर टिक्का हातात असताना समजावू का?

सामान बांधताना साउंडवाला आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "पहिल्या गाण्यानंतर मी सब खाली घेतला होता भाऊ, तेव्हा कुठे तुमचं जमलं." सब म्हणजे सबवूफर, खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. म्हणजे सिस्टिमला हात लावायचा नसतो तो फक्त मी सांगितलं तर. पण खरंच घेतला असेल तर हॉल साफ कोणामुळे झाला? तिसऱ्या गाण्यात एका अंतऱ्याला मी पेडल बंद करून पाहिलं होतं, गायिकेनं लगेच वळून पाहिलं, म्हणजे स्टेजवरचा फरक माझाच. हॉलमधलं मात्र सांगता येत नाही. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण मोबाइलमधून ५५ हर्ट्झचा हिशोब कसा लावणार?

डिसेंबरची एक तारीख त्याच हॉलला लागली आहे, साउंडही त्याचाच. फोन करून सांगितलं, पहिली दोन गाणी सबला अजिबात हात लावू नको, मला एक गोष्ट पाहायची आहे. म्हणे, "दादा, लग्न आहे का प्रॅक्टिकल?"